पिकनिक आणि पानवेल

'पिकनिक' हा शब्द कुणी उच्चारला की मला मळमळतं. सोसायटीच्या बैठकीत एखादी हौशी बाई म्हणते, "यंदा सगळ्यांनी मिळून छानशी पिकनिक काढू या," आणि मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठतो तो परत जात नाही. लोकांना वाटतं, म्हातारा कंजूष आहे. वाटू दे. कंजूष म्हणवून घेणं मला परवडतं, पण हसतमुखाने "वा, वा" म्हणणं आता जमत नाही.

शब्द तसा आपल्याकडे चांगलाच रुळलेला आहे. शाळेची पिकनिक, ऑफिसची पिकनिक, फॅमिली पिकनिक. मी ज्या ऑफिसात चिकटलो तिथे कुणी उशिरा आला की साहेब विचारायचे, "पिकनिकला आलात का?" आणि काम डोक्यावर आलं की हेडक्लार्क गुरगुरायचा, "ही काय पिकनिक वाटली?" म्हणजे जिथे कष्ट नाहीत, कुणाला जाब द्यायचा नाही, खायचं-प्यायचं आणि टाकून निघायचं, ती पिकनिक. ती ज्याच्या जागेत होते त्याचे कष्ट या अर्थात कुणीच धरलेले नाहीत. आमच्या वसई-विरारकडे सत्तरच्या दशकात या शब्दाला एक शेपूटही फुटलं, 'पिकनिकवाले'. रविवारी सकाळी एस्टीतून डोक्याला रुमाल बांधलेली, काखेत ट्रान्झिस्टर धरलेली टोळकी अर्नाळ्याला नाही तर कळंबला जायला उतरायची. ती दिसली की आगाशीच्या नाक्यावर लोक एकमेकांना सांगायचे, "आले पिकनिकवाले," आणि बाया अंगणात वाळत घातलेली केळ्यांची सुकेळी चटईसकट उचलून आत न्यायच्या. गावात माकडं शिरली तरी इतकी घाई कुणी करत नसे.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी एका जाडजूड शब्दकोशात या शब्दाचं कूळ शोधलं. तो इंग्रजांचा नाहीच, त्यांनी तो फ्रेंचांकडून उचलला. त्याचा अर्धा भाग चोचीने टिपण्याशी नातं सांगतो आणि उरलेला बहुधा क्षुल्लक चिजेशी, असं जाणकार म्हणतात. खात्री त्यांनाही नाही. पण एक गोष्ट पक्की आहे. सुरुवातीला पिकनिक म्हणजे असं जेवण, ज्यात येणारा प्रत्येक जण आपापला वाटा घेऊन यायचा. कुणा एकाच्या माथ्यावर सगळा भार टाकायचा नाही, हीच त्यातली खूण. इंग्रजांकडे आल्यावर काही काळ ती घराच्या छपराखालीच होत असे. गवतावर चादर टाकून बसायचं फॅड पुढच्या शतकातलं. हे वाचून मी शब्दकोश मिटला आणि शिव्या दिल्या. शब्दाला नाही, स्वतःला.

कारण वाटा घेऊन येण्याची रीत आम्हाला शिकवायला फ्रेंचांची गरज नव्हती. कार्तिकात आमच्याकडे आवळीभोजन व्हायचं. आळीतली पाच-सात घरं आवळ्याच्या झाडाखाली जमायची. कुणाच्या घरून वालाचं बिरडं, कुणाकडून तांदळाचे घावन, कुणाकडून नुसतं लोणचं. जेवून झालं की पत्रावळी खड्ड्यात जायच्या, वर माती ओढली जायची, आणि संध्याकाळी त्या झाडाखाली माणसं जेवली होती हे कुणाला ओळखूही आलं नसतं. इतकं सगळं माहीत असलेला मी, आगाशीजवळच्या बागायतदाराचा मुलगा, ऑफिसची पिकनिक आमच्या वाडीत घेऊन आलो.

झालं असं. मी बी.ए. होऊन मुंबईच्या ऑफिसात लागून दोन वर्षं झाली होती. प्रोबेशन संपायचं होतं. ऑफिसात दरवर्षी जानेवारीत पिकनिक निघे आणि तिची नोटीस इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. जागा ठरत नव्हती. हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणाला, "याची विरारला वाडी आहे ना? विहीर, नारळ, केळी, सगळं आयतं." साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पहिल्यांदाच पाहिलं होतं. मी म्हणालो, "अवश्य, सर. आमचं भाग्य." आयजीच्या जिवावर बायजी उदार. वाडी माझी नव्हती, भाऊंची होती. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो.

घरी सांगितलं तेव्हा आई आधी बोटं मोजायला लागली. "तीस मानसं? आनि एवडी भांडी कटे हायत?"

भाऊ मात्र खूश झाले. त्यांना वाटलं, मुलाच्या ऑफिसातली मोठी माणसं घरी येणार म्हणजे मुलाचं तिथे वजन आहे. ते म्हणाले, "येव दे त्यांना. पावना दारात येतो, त्यात कमीपना कसला?" आणि दुसऱ्या दिवसापासून ते जोत्याला चुना लावू लागले.

आता भाऊंच्या पानवेलीबद्दल सांगायला हवं. आमच्या वाडीत केळी होती, फुलझाडं होती, पण भाऊंचा जीव होता तो विड्याच्या पानांच्या वेलीवर. एके काळी आमच्या आळीत घरोघरी पानवेली होत्या. मी नोकरीला लागलो तोवर लोकांनी कंटाळून त्या काढून टाकल्या होत्या, कारण पानवेलीचं करणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. उभ्या काठ्यांवर वेल चढवायचा, केळीच्या वाळल्या सोपटाने हळूच बांधायचा, उंच गेला की उतरवून पुन्हा मातीत गाडायचा, वर सावली धरायची, खाली पाणी खेळतं ठेवायचं. आळीत पानवेल राहिली होती ती एकट्या भाऊंची. ती त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली होती, म्हणजे त्याच वेलाचे तुकडे लावत लावत. लग्नाची पहिली सुपारी फुटली की लोक लांबून पानं मागायला यायचे.

आणि चहूबाजूंनी कुडाने बंदिस्त केलेल्या या पानवेलीचा कायदा होता. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही. चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे, मगच फाटक उघडायचं. आत थुंकायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. महिन्याचे चार दिवस आईला आत मज्जाव असे. हे चार दिवसांचं मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. पण त्यातून मी एक शहाणपण काढलं, की एक नियम खुळा तर सगळेच खुळे. बी.ए. झालेल्या माणसाला असं शहाणपण फार लवकर सुचतं.

त्या रविवारी मंडळी दहाच्या सुमाराला आली. साहेब सफारीत, पायात चकचकीत बूट. हेडक्लार्ककडे एक खाकी पिशवी, तिच्यात बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. बरोबर टायपिस्ट मुली, कारकून, दोघांतिघांची पोरंबाळं. भाऊ धुतलं धोतर आणि टोपी घालून रस्त्यापर्यंत सामोरे गेले. प्रत्येकाच्या हातात त्यांनी शहाळं दिलं. पिऊन झाल्यावर शहाळी कुठे टाकायची हे कुणी विचारलं नाही. ती अंगणात, फुलझाडांत, तुळशीच्या कट्ट्यावर, जिथे हात रिकामा झाला तिथे पडली. आईने सकाळपासून मोठ्या मडक्यांत उकडहंडी लावली होती. कोनफळ, रताळी, पापडी, ओल्या मसाल्यात घोळून वाफवलेली. हेडक्लार्क मडक्यात डोकावून म्हणाला, "मटण नाही? आणि हे आपलं उपासाचं?" शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. आई पदराने घाम पुसून हसली, आणि तिचं ते हसणं मला अजून दिसतं.

जेवणाआधी साहेब म्हणाले, "ते खायचं पान कुठे उगवतं ते दाखवा बुवा. आम्ही फक्त टपरीवर पाहिलंय."

मी पुढे, साहेब मागे, त्यांच्या मागे सगळा लोंढा. पानवेलीच्या फाटकापाशी भाऊ आधीच जाऊन उभे होते, अनवाणी. शेजारी त्यांनी पाण्याने भरलेली बादली आणि घासलेला तांब्या ठेवला होता. बाजूला एक स्वच्छ पंचा, पाय पुसायला. तीस माणसांचे पाय धुवून पुसायची तयारी करून ते उभे होते, आणि तोंडाने काही सांगण्याआधी माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांना काही सांगायचं तर ते मी सांगावं, असं त्यांच्या मनात होतं.

साहेबांनी बादलीकडे पाहिलं. "हे काय? पाय धुवायचे? देऊळबिऊळ आहे की काय आत?"

मागून कुणी तरी खुदकन हसलं. टायपिस्टांपैकीच असावी. माझ्या पायात त्या दिवसासाठी घेतलेले नाडीचे नवे बूट होते आणि उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. हे भोक मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. पण नुसत्या भोकामुळे मी तसं केलं म्हणालो तर तेही खोटंच. मला भाऊंची, त्यांच्या बादलीची, त्यांच्या अनवाणी पायांची लाज वाटली. मी साहेबांबरोबर हसलो. म्हणालो, "छे, छे, सर! जुन्या लोकांचं असतं काही तरी. चला तुम्ही." आणि फाटक उघडून बुटांसकट आत पाय टाकला.

माझ्यामागून तीस जोडी पाय आत गेले.

आतला काळोख, गारवा, पानांचा तो ओला तिखट वास, याचं पहिली दोन मिनिटं सगळ्यांना अप्रूप वाटलं. मग हात चालू झाले. भाऊ पान खुडताना अंगठ्यात लोखंडी नख घालायचे, देठ एका टिचकीत सुटावा म्हणून. ही मंडळी वेल धरून ओढत होती. पान तोडायचं, चावायचं, "आई गं, केवढं तिखट!" म्हणून थुंकायचं, की दुसरं तोडायचं. पोरं काठ्या हलवत होती. कुणाचा तरी ट्रान्झिस्टर चालूच होता. शेवटच्या ओळीत, जिथले वेल सगळ्यात जुने, तिथे हेडक्लार्क पाठमोरा उभा दिसला. आधी मला कळलं नाही. मग आवाज आला. तो परत येताना पँटची बटणं लावत होता आणि माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला.

मी बाजूला सरून त्याला वाट दिली. माझं प्रोबेशन चालू होतं.

पुढचं सांगतानाही अंगावर शिसारी येते, पण सांगतो. बाहेर आल्यावर भाऊंच्या त्या बादलीत कुणी तरी बिअरच्या बाटल्या गार करायला बुडवल्या. जेवल्यानंतर पाच-सहा जण बावखलात उतरले. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, त्याच्यावर वाडी जगते. तिथे आम्ही हातसुद्धा काठावर बसून, पाणी बाहेर घेऊन धुवायचो. हे लोक साबण घेऊन उतरले. बरोबर आणलेल्या उकडलेल्या अंड्यांची कवचं पाण्यावर तरंगत होती. चार वाजता हेडक्लार्क पानवेलीच्या सावलीत जाऊन आडवा झाला आणि तिथेच, वेलांच्या बुंध्याशी, खाल्लेली सगळी उकडहंडी त्याने बाहेर काढली. दोघांनी त्याला उचलून आणलं. सगळे हसत होते. साहेब म्हणाले, "पिकनिक आहे, चालायचंच."

निघायच्या वेळी आमच्याकडे पाहुण्याला विडा द्यायची पद्धत. भाऊंनी वेलीवरून नवी पानं खुडली नाहीत. लोकांनी ओढून खाली टाकलेली, पायाखाली आलेली नाहीत अशी पानं त्यांनी ओंजळीने गोळा केली, दोन पाण्यांनी धुतली आणि आईबरोबर बसून तीस विडे केले. एकेकाच्या हातात दोन्ही हातांनी ठेवले. लोकांनी ते तोंडात टाकले, "फर्स्ट क्लास!" म्हणाले, आणि एस्टीची वाट बघत बघत आमच्या चुना लावलेल्या जोत्यावर लाल पिचकाऱ्या मारल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप दिली. मला आनंद झाला. होय, झाला. त्या लाल झालेल्या जोत्यापाशी उभा राहून मला आनंद झाला होता, आणि या सगळ्या किळसवाण्या दिवसात मला सगळ्यात जास्त किळस त्याची येते.

त्यानंतर तीन दिवस भाऊ साफसफाई करत होते. बावखलातून कवचं, कागद, एक कंगवा, एक लहान मुलाची चड्डी निघाली. पानवेलीतली ओकारी त्यांनी स्वतः मातीसकट खणून बाहेर नेली. मला ते एक शब्द बोलले नाहीत. मीच एका संध्याकाळी आईजवळ कुरकुरलो, की भाऊ एवढे गप्प का, पाहुण्यांना चपला काढा म्हणायचं होतं तर म्हणायचं, त्यांचं तोंड कुणी धरलं होतं?

आई भाकरी थापायची थांबली. "तोंडावर आलता त्यांच्या. सांगनारच होते. तवर तूच बुटं घालून शिरलास. घरचाच पोर शिरला, मंग पावन्यांना कनच्या तोंडाने सांगायचा?"

मी तिच्याशी वाद घातला. बुटांनी कधी वेल मरतो का, जग कुठे चाललंय, तुम्ही कुठे आहात, असलं बरंच बोललो. तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

आषाढात वेल पिवळे पडू लागले. आधी शेवटची ओळ, मग तिच्या अलीकडची. सकाळी टवटवीत असलेला वेल संध्याकाळी मान टाकायचा आणि धरून ओढला की मातीलगत कुजलेला बुंधा सहज हातात यायचा. त्याला घाण वास यायचा. भाऊंनी चर खणले, राख टाकली, मेलेले वेल उपटून लांब नेऊन जाळले. काठ्या उभ्याच राहिल्या आणि वेल जात राहिले. श्रावणात मी शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मुद्दाम घेऊन आलो. ते भले गृहस्थ होते. फाटकापाशी त्यांनी न सांगता पायातल्या वहाणा काढल्या आणि पाय धुतले.

त्यांनी बुंधे चिरून पाहिले, मुळं पाहिली. मग म्हणाले, "ही बुरशी मातीत राहते. एकदा आत आली की पाण्याबरोबर ओळीओळीने पसरते. बहुतेक वेळा ती बाहेरच्या मातीबरोबर येते, लोकांच्या पायांना, वहाणांना चिकटून. म्हणून तर जुने लोक पाय धुवायला लावायचे. आता नेमकं काय झालं ते छातीठोक नाही सांगता येणार, पाऊसही यंदा फार झाला." त्यांनी खिशातून वही काढली. "इतक्यात बाहेरचं कुणी आत शिरलं होतं का? बूट-चपला घालून?"

भाऊ उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात कुजलेला बुंधा होता. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील, आणि बघितलं तर मी सगळं सांगून टाकीन, साहेब, हेडक्लार्क, बादली, सगळं.

त्यांनी बघितलं नाही. ते म्हणाले, "नाय. भायेरचा कोन नाय आलता."

"नक्की ना, काका?"

"नक्की. अटे आमची घरचीच मानसं येतात."

उभ्या जन्मात त्या माणसाला खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं. गृहस्थांनी वहीत 'नाही' असं लिहून घेतलं. मी तिथेच उभा होतो, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.